रोज एक सूर्य: कृष्णविवराचा खुराक मोजतात कसा?

दिवसभर कोड आणि रात्री आकाश, असा माझा दिनक्रम. त्यामुळे आजचा विषय दोन्हीकडचा आहे: आकाशातला, पण हिशेबाचा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बातमी खूप फिरली. जे ०५२९-४३५१ नावाच्या क्वेसारमधलं कृष्णविवर रोज जवळपास एक सूर्य गिळतंय! गंमत म्हणजे १९८० च्या फोटोंतही हा ठिपका होता. गाया उपग्रहाच्या डेटावर चाललेल्या ऑटोमॅटिक प्रोग्रामने तर 'क्वेसार एवढा तेजस्वी नसतो' म्हणून त्याला ताऱ्यांत टाकलं होतं.

पण प्रकाश यायलाच १२ अब्ज वर्षं लागतात, मग तिथलं जेवण कोणी मोजलं?

गिळताना कोणी पाहत नाही. आपण बिल बघतो, आणि बिल म्हणजे प्रकाश. वायू कृष्णविवराभोवती तबकडीसारखा फिरत आत सरकतो, घर्षणाने तापतो आणि चमकतो. पडणाऱ्या वस्तुमानाचा साधारण १० टक्के भाग ऊर्जा होऊन बाहेर येतो, असं धरतात. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना हाच आकडा फक्त ०.७ टक्के असतो!

आता गणित. या क्वेसारचं तेज ५०० लाख कोटी सूर्यांइतकं. त्याला प्रकाशवेगाच्या वर्गाने आणि ०.१ ने भागा. उत्तर येतं वर्षाला साडेतीनशेच्या आसपास सूर्य. म्हणजे सेकंदाला जवळपास ४ पृथ्व्या.

सूत्र एका ओळीचं आहे. खरी डोकेदुखी 'एकूण तेज' काढण्यात आहे. तबकडी सर्वात जास्त चमकते अतिनील प्रकाशात, आणि त्यातला बराचसा वाटेतला हायड्रोजन खाऊन टाकतो. तबकडीजवळचा अतितप्त वायू क्ष-किरण देतो. ते वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून दुर्बीण अवकाशात लागते. बाहेरची धूळ तबकडीचा प्रकाश शोषून अवरक्तात परत फेकते. सगळं सरसकट बेरजेत धरलं तर तोच प्रकाश दोनदा मोजला जातो. एकच रिक्वेस्ट दोन सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसावी, तसं. शिवाय क्वेसारचं तेज बदलत राहतं. आज घेतलेलं अतिनील आणि दोन वर्षांपूर्वीचे क्ष-किरण जोडले तर आलेख फसवतो. इथे आपला ॲस्ट्रोसॅट कामाचा. २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी बघू शकतो, आणि त्यातली क्ष-किरणांची काही उपकरणं मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडली आहेत.

आता त्या '१० टक्के'कडे परत या. कृष्णविवर स्वतःभोवती फिरत नसेल तर हा आकडा ६ च्या आसपास असतो. प्रचंड वेगाने फिरत असेल तर ४० च्या वर जाऊ शकतो. म्हणजे प्रकाश तोच, पण खुराक कित्येक पटींनी कमी-जास्त. 'रोज एक सूर्य' हे असं गृहीतकासकट आलेलं उत्तर आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं होतं. तेवढ्यात हे धूड वाढलं कसं? खाण्यालाही मर्यादा असते. प्रकाश फार वाढला तर तोच येणाऱ्या वायूला बाहेर ढकलतो. हिला एडिंग्टन मर्यादा म्हणतात, आणि ती वस्तुमानावर ठरते. २०२४ च्या अंदाजात वस्तुमान होतं १७०० कोटी सूर्य, म्हणजे कृष्णविवर मर्यादेला टेकलेलं. २०२५ मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणी एकत्र जोडून मोजलं, तर आलं ८० कोटींच्या आसपास. तेज तेच धरलं तर हे कृष्णविवर मर्यादेच्या कितीतरी पट वर खातंय! तसं असेल, तर लहान बीजापासून झटपट मोठं होण्याचा रस्ता खुला होतो.

तेव्हा पुढच्या वेळी अशी हेडलाइन दिसली, की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा: प्रकाश कोणकोणत्या तरंगलांबींत मोजला? टक्केवारी किती धरली? वस्तुमान कसं काढलं?

तुमचे प्रश्न पाठवा. भेटू पुढच्या भागात!