जाहिरातीचा टंच



चांदीच्या कामाची खटखट ज्याच्या कानांवर पडली नाही, असे मूल आपल्या हुपरीत सापडणे कठीण. पैंजण हातात आले की इथला जाणता माणूस त्याच्या चकाकीला भुलत नाही. आधी टंच विचारतो. मग हीच आपली मुले मोबाइलवरची जाहिरात पाहताना टंच का बरे विचारीत नाहीत? आज एवढेच बोलायचे आहे.

समजा, जाहिरात आली, 'पैंजणांवर मजुरी माफ!' मुलीला म्हणावे, बाळ, हिशेब कर. पैंजण शंभर ग्रॅमचे आणि टंच सत्तर, म्हणजे चांदी सत्तरच ग्रॅम. दुकानदाराने शंभर ग्रॅमला शुद्ध चांदीचा भाव लावला, तर तीस ग्रॅम इतर धातूचे पैसे आपण चांदीच्या दराने मोजले. मजुरी माफ झाली ती अशी! जाहिरात खोटे बोलली नाही. तिने फक्त अर्धेच सांगितले. जे सांगितले नाही ते शोधणे, हेच मुलांना शिकवायचे.

दुसरे उदाहरण मनाला लागणारे आहे. गोरेपणा देणाऱ्या मलमांच्या जाहिरातींनी कित्येक वर्षे मुलींना सांगितले की, रंग उजळला तरच नोकरी नि स्थळ मिळते. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. नाव बदलले, पण सावळ्या लेकींच्या मनात घातलेला कमीपणा कोण काढणार? ते काम आईचे, मावशीचे, शेजारणीचे आहे.

म्हणून घरात चार प्रश्नांची सवय लावावी. हे सांगणाऱ्याला पैसे कोण देतो? वजन, टंच, किंमत यांचे आकडे दिले आहेत की नुसतीच विशेषणे? बारीक अक्षरांत काय लिहिले आहे? आणि ही वस्तू नसल्याने काल आपले काही अडले होते काय?

बहिणींनो, ग्राहकांची चळवळ आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. तक्रारीसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मात्र हाती पावती हवी. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही समजूत आपण सोडली पाहिजे.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते, राग मानू नये. आपली मुले आज ग्राहक आहेत. उद्या त्यांतलीच काही गादीवर बसतील आणि स्वतः जाहिरात करतील. दुसऱ्याच्या जाहिरातीला प्रश्न विचारणाऱ्या मुलाने स्वतःच्या पावतीवर टंच स्वच्छ लिहिला पाहिजे. ९२५ चा शिक्का म्हणजे हजार भागांत नऊशे पंचवीस भाग चांदी, हे परगावच्या गिऱ्हाइकाला न विचारता समजावून सांगितले पाहिजे. हुपरीचे नाव चकाकीवर चालणार नाही. ते विश्वासावरच चालेल.

तेव्हा येत्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने एकेक जाहिरात कापून आणावी, मुलांनाही बरोबर आणावे आणि तिचा टंच त्यांनाच काढू द्यावा. आपण शांतपणे ऐकावे. पुष्कळ वेळा ती आपल्यालाच शिकवतील.