पाठीमागून येणारं विमान

तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. वळणापलीकडचं काही दिसत नाही, म्हणून चालक आधी हॉर्न वाजवतो आणि क्षणभर कान देतो. श्रोतेहो, वैमानिकालाही कधी कधी अशीच कानांवर भिस्त ठेवावी लागते.

उड्डाणाआधी विमान धावपट्टीच्या बाहेर, पिवळ्या रेघांपाशी थांबतं. तिथं ते बहुधा पट्टीला आडवं असतं; मान वळवली की उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसतात. पण ‘पट्टीवर येऊन थांबा’ असा हुकूम झाला, की ते आत येऊन वळतं आणि उतरणारं विमान थेट त्याच्या पाठीशी येतं. मोटारीसारखा मागचा आरसा विमानाला नसतो. उरतो तो रेडिओ. एका धावपट्टीची विमानं सहसा एकाच लहरीवर बोलतात, त्यामुळे दुसऱ्याला दिलेली उतरण्याची परवानगी यालाही ऐकू येते. निदान यायला हवी.

१ फेब्रुवारी १९९१च्या रात्री लॉस एंजेलिसला नियंत्रकाला पट्टीवर थांबवलेल्या छोट्या विमानाचा विसर पडला. त्याच पट्टीवर दुसरं उतरलं. ३५ माणसं गेली. मुंबईत ८ जून २०२४ला एक विमान उडत असताना त्याच पट्टीवर मागे इंदूरहून आलेलं विमान टेकलं. कुणाला इजा झाली नाही, एवढंच.

मला मात्र टोकियोची गोष्ट छळते. २ जानेवारी २०२४ची संध्याकाळ. जपानी तटरक्षक दलाचं विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं. मागून येणाऱ्या प्रवासी विमानाला उतरण्याची परवानगी मिळाली, आणि त्यानंतर काही सेकंदांनी हे विमान टॉवरशी पहिल्यांदा बोललं. नियंत्रक म्हणाला, ‘नंबर वन’, पट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत या. म्हणजे रांगेत तुम्ही पहिले, इतकंच. वैमानिकाने ते शब्द बरोबर उच्चारून परतही सांगितले. पण समजूत झाली ती पट्टीवर जायची परवानगी मिळाल्याची. आम्हा कवींना एका शब्दातून दोन अर्थ निघाले की कोण आनंद! इथे त्या दुसऱ्या अर्थाने विमान सुमारे ४० सेकंद पट्टीवर उभं राहिलं, येणाऱ्याकडे पाठ करून. धडकेनंतर प्रवासी विमानातले ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले. तटरक्षक विमानातल्या सहांपैकी पाच गेले.

त्यानंतर आठवडाभरात जपानने विमानांना ‘नंबर वन’ असा क्रमांक सांगणं काही काळ थांबवलं.