एका अक्षराचा फेर

(इंदूर येथील मराठी श्रोत्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आनुवंशिकीवर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. मी कला शाखेचा पदवीधर; सिकलसेलसंबंधीची प्रचारपत्रके तयार करताना या विषयाशी माझा परिचय झाला. परंतु त्या निमित्ताने जे उमगले ते आपणांस सांगणे अगत्याचे वाटते. आपल्यापैकी कित्येकांनी झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या भागांत शिक्षक वा परिचारिका म्हणून सेवा केली आहे, आणि तेथील घरांत आपल्या शब्दाला मान आहे.

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपणांस नवा नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ अशी आज्ञा असता अक्षराच्या फेराने ती ‘मारावे’ अशी झाली, असे सांगतात. कथेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी पाहावा. सिकलसेल हा विकार मात्र खरोखरीच एका अक्षराच्या फेराने होतो.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांत डीएनएचे पिळदार धागे असून त्यांची रचना १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी उलगडून दाखविली. या धाग्यांवरील मजकूर ए, टी, जी, सी या अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. आईकडून सुमारे ३०० कोटी अक्षरे येतात, तितकीच वडिलांकडून. तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि तो एका अमिनो आम्लाचा निर्देश करतो. ही लिपी उलगडल्याबद्दल डॉ. हरगोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक दोघा शास्त्रज्ञांसह मिळाले. ज्या उताऱ्यावरून शरीर एखादे प्रथिन घडविते, त्या उताऱ्यास जनुक म्हणावे.

हीमोग्लोबिनमधील एका साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात एके ठिकाणी ‘जीएजी’ऐवजी ‘जीटीजी’ पडले की १४६ दुव्यांच्या साखळीतील सहावा दुवा बदलतो; ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ साली केंब्रिज येथे हा फरक नेमका दाखविला. एवढ्यानेच प्राणवायू सोडल्यावर हीमोग्लोबिनचे कण एकमेकांस चिकटून ताठ काड्या बनतात आणि वाटोळी, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही दहा-वीस दिवसांत नष्ट होते. रक्त कमी पडते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि मूल हाडांच्या वेदनेने रात्रभर विव्हळते. त्याला ‘बाहेरचे’ काही झाले असे समजून भलतेच उपाय होतात.

आता वारशाविषयी. वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे पडतात. जनुकाचे तसे होत नाही. आईजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यांतील एक अखंड प्रत ती मुलाला देते, वडीलही तसेच. एकच प्रत बदललेली असेल तर ती व्यक्ती वाहक होय. वाहक सहसा आजारी नसतो, आणि म्हणूनच त्याला ते ठाऊकही नसते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, पूर्णतः मुक्त असण्याची चारात एक. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढली तीन सुखरूप, हा हिशेब चुकीचा आहे. दर खेपेस चिठ्ठी नव्याने पडते.

रोगी मुलाला दोन्हीकडून एकेक बदललेली प्रत मिळालेली असते. तरी दूषण लागते ते सुनेला. ‘ध’चा ‘मा’ केल्याचा आळही आनंदीबाईंवरच आला, हे जाता जाता आठवते. या बदलात कोणाचा हेतू नाही, कोणाचे पातक नाही. उलट, वाहकाला तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण लाभते. म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत, आफ्रिकेत तसेच आपल्याकडेही, हे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

आपल्या राज्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये याविषयीची मोहीम सुरू झाली. पुढे १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट होते. तपासणीस रक्ताचे काही थेंब पुरतात. अडचण पुढेच येते. मुलगी वाहक असल्याचे कळले की सोयरीक मोडते, म्हणून आईबाप निकाल लपवितात. वाहक मुलीने वाहक नसलेल्या निरोगी मुलाशी विवाह केल्यास सिकलसेलचे रोगी अपत्य होत नाही, हे त्या आईबापांस आपल्यासारख्या परिचिताने घरी बसून सांगितले, तर आमच्या शंभर पत्रकांहून त्याचा उपयोग अधिक होईल.

रोग्यांच्या वेदनेचे झटके हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने कमी होतात. डीएनएचा मजकूर हेतुपुरस्सर बदलण्याची विद्याही आता हाती आली आहे. तिच्यावर आधारलेल्या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व पुढील महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली. त्यात चुकलेले अक्षर दुरुस्त करीत नाहीत. रक्त निर्माण करणाऱ्या पेशींतील दुसऱ्या एका ठिकाणी छेद देऊन, गर्भावस्थेतले, जन्मानंतर मागे पडलेले हीमोग्लोबिन पुन्हा तयार करावयास लावतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आपल्या पाड्यांवरील रोग्याच्या दृष्टीने ती तूर्त ऐकण्यापुरतीच. शिवाय हा बदल रक्तापुरता असतो. बीजपेशींतील मजकूर जुनाच राहतो, आणि अपत्याला तोच मिळतो. म्हणून असा उपचार घेतलेल्यानेही विवाहापूर्वी जोडीदाराची तपासणी करून घ्यावीच लागते.