वाढून मिळालेली वर्षं

आज आम्ही चौघी मिळून बोलायला बसलोय. खरं तर पाच जणी होतो. पाचवी गेल्या पोळ्याच्या सुमाराला गेली. तिची गोष्ट पुढे येईलच.

आम्हा पाचही जणींना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. हे रेडिओवर असं उघड बोलायचं का, यावर गटाच्या दोन बैठका गेल्या. शेवटी ठरलं, बोलायचं. कारण न बोलल्यानेच आमचा उशीर झाला. एकीची पाळी जाऊन पाच वर्षं झालेली आणि अंगावरून लाल जायला लागलं. उष्णता झाली असेल म्हणून आठ महिने ती सब्जाचं पाणी पीत राहिली. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, कुणाला बोलली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. बार्शीच्या फेऱ्या, लाईट घेणं, सलाईनमधून औषधं, तोंडाची चव जाणं. त्यातून उठलो. घरी आलो तर भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, देवानं दुसरा जन्म दिला, आता देव देव करा. करतो की! पण दुसऱ्या जन्माच्या तिसऱ्या दिवशी भाकरीची परात पुढ्यात आली. ही वाढीव वर्षं कशी घालवायची, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी धरून चाललं, की बाई बरी झाली म्हणजे बाई कामाला लागली.

आमच्यातली थोरली मात्र दुपारी झोपायला लागली. चाळीस वर्षांत दुपारी पाठ टेकली नव्हती तिनं. सुनेच्या कपाळावर आठी आली, तरी ही आपली झोपते. आधी आम्ही हसलो. मग एकेक करून आम्हीही आडव्या व्हायला लागलो. लाईट घेतलेल्या अंगाला थकवा लवकर येतो, लघवीला जळजळ होते, कुणाचा पाय सुजतो. हे दुखणं बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ते घरच्यांना सांगावं लागतं, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दुसरीनं सातबाऱ्याला हात घातला. नवरा चांगला, उपचाराला म्हैस विकली त्यानं. पण तिचं नाव कुठंच नव्हतं. १९९२ पासून आपल्या राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवरा राजी असेल तर त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव लावता येतं. नवरा म्हणाला, आता कशाला? ती म्हणाली, आताच. तलाठ्याकडं खेटे घालण्यात अख्खा उन्हाळा गेला, पण नाव लागलं.

तिसरी वाचायला शिकली. मोठ्या पुस्तकासाठी नव्हे, स्वतःच्या फाईलसाठी. इतकी वर्षं ती फाईल छातीशी धरून फिरायची, आत काय लिहिलंय ते दुसऱ्यानं सांगायचं. आता पुढच्या तपासणीची तारीख ती स्वतः बघते.

आणि पाचवी. तपासणीच्या आधी आठ दिवस तिला झोप लागायची नाही. तिनं वेगळं काही केलं नाही. दोन नाती न्हाऊ-माखू घातल्या, कोंबड्या पाळल्या. सहा वर्षांनी दुखणं उलटलं. शेवटी शेवटी आम्ही अंगणात तिच्या बाजेजवळ बसलो होतो, तेव्हा म्हणाली, “माझ्या सुनेला तपासायला घेऊन जा गं. ती माझं ऐकत नाही.”

सुनेपासून आमचं हे काम सुरू झालं. पहिल्या खेपेला फक्त दोघी आल्या, त्यातली एक दारातून परत फिरली. आम्हाला राग नाही आला. आम्हीही फिरलोच असतो. तपासणीत नर्स पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य औषध लावते आणि मिनिटभर थांबते. पांढरा डाग उठला तर पुढं बघायचं. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं एवढंच. सुनेला डाग निघाला. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. तिथल्या तिथं इलाज झाला आणि ती चालत घरी आली.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. आपल्याच जिल्ह्यात, धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं, १९९९ मध्ये टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी आणि बार्शीच्या डॉक्टरांनी मोठा अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. या कॅन्सरच्या विषाणूची तपासणी ज्या गावांत एकदाच केली, तिथं या रोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे जगापुढं आलं. आमच्या थोरल्या जावांनी जगाला हे दाखवून दिलं आणि आम्ही सब्जा पीत बसलो!

येत्या मंगळवारी साडेनऊच्या एसटीनं आम्ही ग्रामीण रुग्णालयात जातोय. तीस वर्षांच्या पुढची कुणीही चला. पाळी चालू असेल तर त्या खेपेला नको, पुढच्या खेपेला या. आधार कार्ड घ्या, सोबत भाकरी बांधून घ्या, परतायला तीन वाजतात. घरी काय सांगायचं हा प्रश्न असेल, तर गटाच्या कामाला चाललोय म्हणा. ते खोटं नाही.