विज्ञानाच्या तासासाठी इंटरनेटवरील साहित्य : शोध आणि पारख

(केंद्र शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानाच्या अध्यापनास उपयोगी पडेल असे साहित्य इंटरनेटवर कोठे व कसे शोधावे, ह्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा मला झाली आहे. विषय अगदी नवा आहे असे म्हणवत नाही, कारण येथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात वा पिशवीत त्या साहित्याकडे नेणारे यंत्र आहे. परंतु साहित्य हाताशी असणे निराळे आणि ते वर्गात उपयोगी पडणे निराळे. पूर आलेल्या नदीच्या काठी उभ्या असलेल्या माणसाला पाण्याची वाण नसते. पिण्याजोग्या पाण्याची असते. म्हणून संकेतस्थळांची लांबलचक यादी वाचून दाखविण्यापेक्षा पारख कशी करावी ह्याविषयीच मी अधिक बोलणार आहे.

प्रथम शोधण्याच्या शब्दांसंबंधी सांगतो, कारण निम्मी निराशा तेथेच पदरी पडते. मराठीची व हिंदीची लिपी एक आहे. त्यामुळे देवनागरीत शब्द लिहिला की मराठी पानांबरोबर हिंदी पानांची रास समोर उभी राहते, आणि पुष्कळदा हिंदीचीच रास मोठी असते. 'पेशी' हा शब्द घ्या. मराठीत तो सजीवाच्या शरीराचा मूलभूत घटक दाखवितो. हिंदीत त्या घटकास 'कोशिका' म्हणतात, आणि 'पेशी' म्हणजे स्नायू, किंवा न्यायालयातील हजेरी! नुसते 'पेशी' लिहून शोध घेणाऱ्या गुरुजींना खटल्यांच्या बातम्या वाचावयास मिळाल्या, तर त्यात यंत्राचा काहीच दोष नाही. तेथे 'वनस्पती पेशी रचना इयत्ता सातवी' असे शब्द जोडून लिहिले म्हणजे मार्ग बराच सरळ होतो. आपण 'मूलद्रव्य' म्हणतो तेथे हिंदीत 'तत्त्व' म्हणतात. आपले 'संयुग' ते त्यांचे 'यौगिक'. आपले 'बाष्पीभवन' ते त्यांचे 'वाष्पीकरण'. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे मराठी पाने हवी असता मराठी, आणि मराठीत काही न मिळाल्यास हिंदी, असा शोध मुद्दाम घेता येतो. हिंदी साहित्यास नाके मुरडण्याचे कारण नाही. विज्ञानशिक्षणाविषयी हिंदीत फार चांगले काम झालेले आहे; त्याकडे पुढे येतो.

इंग्रजी शब्द माहीत नाही अशी अडचण कित्येकजण सांगतात. तिला एक सोपी युक्ती आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि तेच पुस्तक इंग्रजी माध्यमासाठीही असते. आपल्या पुस्तकातील पाठाचा क्रमांक पाहून तोच पाठ इंग्रजी पुस्तकात उघडावा. हवा असलेला पारिभाषिक शब्द त्याच ठिकाणी, त्याच चित्राखाली सापडतो. ह्यासाठी शब्दकोश चाळावा लागत नाही.

अलीकडे शोध घेताच सर्वांत वर यंत्राने स्वतः रचलेले उत्तर दिसू लागले आहे. ते वाचावयास गुळगुळीत असते, म्हणूनच सावध राहावे. त्यात बरोबर काय आणि चूक काय हे भाषेवरून कळत नाही. त्याच्या खाली ज्या पानांचा आधार दिलेला असतो ती पाने उघडून पाहिल्यावाचून ते वर्गात सांगू नये.

आता पारखीकडे वळू. पहिला प्रश्न असा विचारावा की, हे साहित्य कोणत्या भूमीवर बसून लिहिलेले आहे ? विज्ञानाचे नियम सर्वत्र सारखे असले तरी निरीक्षणे सारखी नसतात. सावलीचा पाठ घ्या. युरोपात व उत्तर अमेरिकेत तयार झालेली पुष्कळ पाने सांगतात की, माध्यान्ही सूर्य दक्षिणेस असतो आणि काठीची सावली उत्तरेस पडते. कर्कवृत्ताच्या उत्तरेस राहणाऱ्यांना हे वर्षभर खरे आहे. पण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेस राहतो. लातूरचे अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर आहेत. तेथे मेच्या मध्यास एके दिवशी माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि सावली दक्षिणेस पडते. २१ जूनच्या सुमारास एक मीटर उंचीच्या काठीची ही सावली सुमारे ९ सेंटिमीटर भरते. डिसेंबरात तीच काठी उत्तरेकडे सुमारे ८९ सेंटिमीटर सावली टाकते. शिवाय माध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालते आणि आपण त्याच्या पश्चिमेस आहोत. म्हणून जूनमध्ये लातूरची माध्यान्ह १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास होते.

आता कल्पना करा. शाळा नुकतीच भरली आहे, ढगांतून घटकाभर ऊन पडले आहे, आणि पाचवीतील एका मुलीने अंगणात काठी रोवून सावली दक्षिणेकडे पडल्याचे वहीत लिहिले. पडद्यावरील चित्रफितीत मात्र ती उत्तरेकडे दाखविली आहे. अशा वेळी गुरुजींनी मुलीचे उत्तर खोडले, तर त्या दिवशी ती विज्ञान शिकली नाही. आपल्या डोळ्यांपेक्षा पडदा खरा एवढेच शिकली. अशी तालीम दोनचार वर्षे मिळालेल्या मुलाकडून पुढे प्रश्नाची अपेक्षा कोणी करावी ? ऋतूंच्या पाठातही हाच धोका आहे. ऑक्टोबरात तांबडी होऊन गळणारी पाने फार मनोहर दिसतात खरी. पण आपल्याकडे त्या महिन्यात रान हिरवे असते, आणि आपला पळस थंडी सरता सरता पाने टाकून उघड्या फांद्यांवर फुलतो. फांदीचे चित्र दाखवावयाचे तर आपल्या पळसाचे दाखवावे. ते कोणत्याही गुरुजींना आपल्या मोबाइलवर स्वतः काढता येईल.

दुसरा प्रश्न असा की, सांगितलेली गोष्ट आकड्यांत बसते काय ? ह्याचे उदाहरण आपणां सर्वांच्या मोबाइलवर येऊन गेलेले आहे. पृथ्वी सूर्यापासून दूर जाणार असल्याने पुढील काही आठवडे थंडी वाढेल, सर्दीखोकला होईल, तरी मुलांना जपावे, असा निरोप गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा फिरला. त्यात म्हटले होते की, सूर्याचे अंतर एरव्ही प्रकाशाच्या ५ मिनिटांचे, म्हणजे ९ कोटी किलोमीटर असते आणि ते १५ कोटी २० लक्ष किलोमीटर होणार आहे. वाचणाऱ्यास वाटते, एवढे अंतर वाढल्यावर थंडी पडणारच. परंतु सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास ५ नव्हे, तर ८ मिनिटे २० सेकंद, म्हणजे ५०० सेकंद लागतात. प्रकाश सेकंदास ३ लक्ष किलोमीटर जातो. हा गुणाकार सहावीचा मुलगा फळ्यावर करील : १५ कोटी किलोमीटर. जे अंतर भयंकर म्हणून सांगितले, ते जवळजवळ नेहमीचेच आहे ! पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्यास सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७० लक्ष किलोमीटरवर असते, आणि जुलैच्या आरंभी सर्वांत दूर, १५ कोटी २० लक्ष किलोमीटरवर. फरक तीन टक्क्यांच्या आसपास. आणि आपण कुडकुडतो ते तर जानेवारीत, म्हणजे पृथ्वी सूर्याच्या जवळ असताना. असा निरोप मुलांपासून लपवू नये. तो फळ्यावर लिहावा आणि मुलांनाच तपासावयास सांगावा. इतका चांगला पाठ पुष्कळ तयार चित्रफितींतही मिळत नाही.

तिसरा प्रश्न काळाचा. चांगला ग्रंथही जुना होतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरविली आणि प्लूटो बटुग्रह झाला. त्यापूर्वीच्या उत्तम पुस्तकांतही तो नववा ग्रह म्हणून भेटेल. शनीच्या उपग्रहांची संख्या २०२५ च्या मार्चमध्ये १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळून २७४ वर गेली. म्हणून पानावर तारीख आहे की नाही हे पाहावे. उपग्रहांची संख्या पाठ करवून घेण्यापेक्षा ती का बदलते हे सांगणे मला अधिक मोलाचे वाटते.

आता काही ठिकाणांचा निर्देश करतो. पाठ्यपुस्तकाशी निगडित साहित्यासाठी 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ पासून आहे. पुस्तकातील क्यूआर संकेतावरून तेथे जाता येते. संज्ञेचा अर्थ नेमका हवा असेल तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे. त्याची भाषा मुलांसाठी नाही, शिक्षकासाठी आहे, आणि ते योग्यच आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तेथे कोणासही लिहिता येत असल्याने लेखाखाली आधार दिले आहेत की नाहीत हे पाहून मगच विश्वास टाकावा.

परंतु एकच ठिकाण सांगा असा आग्रह कोणी केला, तर मी श्री. अरविंद गुप्ता ह्यांच्या संकेतस्थळाचे नाव घेईन. कानपूरच्या आय. आय. टी.तून अभियंता झालेला हा गृहस्थ १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात जाऊन राहिला. मध्य प्रदेशातील ग्रामीण शाळांत १९७२ साली सुरू झालेला तो कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. मुलांनी प्रयोग करून, पाहून, मोजून शिकावे हा त्याचा पाया होता. तेथे गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घन असे आकार बनविले. चौकोन दाबताच कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही, हे मुलाच्या बोटांना आपोआप कळते. पुलाच्या बांधणीत त्रिकोण का असतात हे मग वेगळे सांगावे लागत नाही. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करावयाच्या खेळण्यांच्या कृती, चित्रफिती आणि पुस्तके मोफत आहेत, आणि त्यांत मराठीतीलही पुष्कळ आहेत. आपल्या शाळांना जे साहित्य विकत घेणे परवडत नाही, त्याची तेथे गरजच पडत नाही.

दुसऱ्या प्रकारचे साहित्य म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या प्रतिकृती. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा प्रकल्प नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन ह्यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातील कित्येक प्रतिकृती मराठीत उपलब्ध आहेत, आणि एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटवाचून चालतात. पण येथे मला एक आग्रहाने सांगावयाचे आहे. ह्यांत दांडीच्या दोन्ही बाजूंस वजने ठेवून तोल साधण्याची एक सुंदर प्रतिकृती आहे. ती मी मुलांना प्रथम दाखविणार नाही. अंगणात दगडावर फळी ठेवून दोन मुलांना बसविले की तोच पाठ हाडामांसाने होतो. टॉर्चचा सेल, तार आणि लहान दिवा असेल तर विद्युत मंडलही हातानेच करावे. पडदा राखून ठेवावा तो डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी : बर्फाचे कण जागच्या जागी कसे थरथरतात, वाफेचे कण कसे सुटे धावतात, ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात. एखादी कृती वर्गात करण्याअगोदर ती शिक्षकाने स्वतः एकदा करून पाहावी. चित्रफितीत ज्योत, आम्ल किंवा घरातील २३० व्होल्टचा प्रवाह दिसला, तर ती मुलांसमोर लावूच नये. मुले घरी जाऊन अनुकरण करतात.

शेवटी सोयीगैरसोयीचे दोन शब्द. आपल्याकडील कित्येक शाळा द्विशिक्षकी आहेत. एका शिक्षकास दोन वा अधिक वर्ग सांभाळावे लागतात. तेथे तासाच्या वेळी शोध घेत बसणे अशक्य, आणि नेमके त्याच वेळी वीज किंवा संपर्क जातो. शिवाय मोबाइल शिक्षकाचा स्वतःचा आणि त्याचा आकारही तोच भरतो, ही गोष्ट वरिष्ठांनी ध्यानात घ्यावी. तोवर एवढे करता येईल : प्रत्येकाने महिन्यातून एकाच पाठाचे साहित्य शोधावे, तपासावे, उतरवून घ्यावे आणि केंद्राच्या पेनड्राइव्हवर ठेवावे. फायलीच्या नावात इयत्ता, पाठाचा क्रमांक आणि भाषा लिहावी. कोणी कोणता पाठ घ्यावयाचा ह्याची वाटणी आज चहाच्या वेळी करून टाकू. आणि जूनमध्ये शाळा भरल्यावर ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी मुलांकडून एक मीटर काठीची माध्यान्हीची सावली मोजवून घ्यावी. तारीख, वेळ, लांबी आणि दिशा वहीत जशी आली तशीच लिहून त्या वह्या जुलैच्या परिषदेस आणाव्यात. सर्व शाळांचे आकडे एका कागदावर मांडू.