जळलेल्या गल्लीचा फोटो

(रायस्वाइक येथे दिवाळीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज दिव्यांचा सण आणि मी बोलणार आहे आगीबद्दल, तेव्हा जरा सांभाळून घ्या. निमित्त आहे आमच्या शेजारच्या डच आजींचं. मागच्या हिवाळ्यात त्यांनी कॉफीबरोबर एक जुना कृष्णधवल फोटो माझ्यापुढे ठेवला. छपरं नसलेली घरं, धूर, रस्त्यावर पडलेलं सामान. "हे आमचं घर," म्हणून त्यांनी बोट ठेवलं, तिथे नुसती एक भिंत होती.

आपण इथून सायकलनेही जाऊ शकतो अशा, हेगमधल्या बेझाउदनहाउट भागातली ही गोष्ट. तारीख ३ मार्च १९४५. शेजारच्या हागसे बोस या वनराईतून जर्मन सैन्य लंडनवर व्ही-२ रॉकेटं सोडत होतं. तो तळ उडवायला ब्रिटिश विमानं आली, नेम चुकला आणि बाँब वस्तीवर पडले. ५०० हून अधिक माणसं गेली. अग्निशमन दलाकडे ना पुरेसे बंब, ना माणसं. त्यामुळे बाँबमधून वाचलेली घरंही आगीत गेली. आणि युद्ध संपायला जेमतेम दोन महिने उरले होते! आजी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या.

मला पुणं आठवलं. १८२८ साली शनिवारवाडा जळला, तेव्हा कॅमेरा आलाच नव्हता. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आग लागली. विश्रामबागवाडा दुरुस्त झाला, आजही उभा आहे. बुधवारवाडा गेला तो गेलाच. आज बुधवार पेठ म्हटल्यावर किती जणांच्या डोळ्यांपुढे वाडा येतो, सांगा बरं!

आणि एक घरचं सांगतो. मी सात वर्षांचा असताना आमच्या वाड्याची माडी जळली. आईने देव बाहेर काढले, रेशनकार्ड काढलं. फोटोंची पेटी मात्र वरच राहिली. माझे आजोबा कसे दिसायचे, हे मला आजही ठाऊक नाही.

म्हणून मी आजींचा फोटो उलटा करून पाहिला. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या गल्लीतली घरं कोणाकोणाची, हे सांगणाऱ्या आता त्या एकट्याच. मग आम्ही दोघं बसलो. त्या सांगत गेल्या, मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये पेन्सिलीने हळूच लिहीत गेलो. खालच्या मजल्यावर बेकरी, वर आम्ही, समोर शाळेतली मैत्रीण. मैत्रिणीचं नाव सांगताना त्या थांबल्या. मीही पुढे काही विचारलं नाही.

मंडळी, एवढीच विनंती आहे. आज रात्री शुभेच्छा द्यायला घरी फोन कराल, तेव्हा कपाटातल्या जुन्या फोटोंमध्ये कोण कोण आहे, तेही विचारा आणि लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होणार आहे.

शुभ दीपावली!