बाईंचं खोकं

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

 १९८४ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला विषय दिलाय 'घरच्या साहित्यातून हस्तकला' आणि वेळ दिलाय पंधरा मिनिटं. जेवणाआधीचं शेवटचं भाषण माझ्या वाट्याला आलंय आणि पांढऱ्या रश्श्याचा वास इथपर्यंत येतोय. लांबण लावत नाही.

आजच्या मेळाव्याचं निमंत्रण तुम्हाला पोस्टानं मिळालं. त्यानंतर मला बरेच फोन आले. कुठल्या प्रेसमध्ये छापलं, एक केवढ्याला पडलं, उरली असतील तर भाचीच्या बारशाला चालतील का? ती छापलेली नव्हती. मजकुराची झेरॉक्स काढली तेवढीच. बाकी आम्ही सहा जणी, तीन रविवार आणि माझ्या घरची गच्ची. पुठ्ठा होता तुमच्या-आमच्या मुलांच्या लग्नपत्रिकांचा.

मराठी घरात लग्नपत्रिका साठतात, कारण वर गणपती असतो. रद्दीत घालायला हात धजत नाही, कचऱ्यात तर नाहीच. मग ती फ्रिजवरून कपाटावर जाते, कपाटावरून माळ्यावर. जाड, गुळगुळीत, पाठीमागून कोरी. एवढा चांगला कागद आपण दुकानात जाऊन विकत घेणार नाही. आम्ही आधी गणपती कापून वेगळे ठेवले. ते शाळेतल्या पाचवीच्या मुलांना दिले, त्यांनी वर्गाला तोरण केलं. उरलेल्या पुठ्ठ्याची तुमची निमंत्रणं झाली.

निमंत्रण एवढं अरुंद आणि उंच का, असंही काही जणांनी विचारलं. त्याला कारण आहे. घरी गेल्यावर वर्तमानपत्राचं एक पान वरून खाली फाडून बघा, बऱ्यापैकी सरळ फाटतं. तेच आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू यंत्र ज्या दिशेला धावतं त्याच दिशेला झोपतात. लाकडाला जसा रेषा असतो तसाच हा. घडी त्या दिशेनं घातली तर स्वच्छ बसते, विरुद्ध घातली तर जाड कागद पाठीवर तडकतो आणि आतला पांढरा भाग दिसायला लागतो. पत्रिका हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवली की जिकडून सहज वाकते ती दिशा कळते. आमच्याकडच्या बहुतेक पत्रिका उभ्या वाकत होत्या. म्हणून घडीही उभी घातली आणि निमंत्रण उंच झालं. घडीआधी संपलेल्या रिफिलनं पट्टी धरून रेघ ओढायची आणि मग चमच्याच्या पाठीनं दाबायचं. याला कुठलंही महागडं हत्यार लागत नाही.

डिंक विकत आणला नाही. मैद्याची खळ केली. एक वाटी मैद्याला साधारण पाच वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यातच गुठळ्या मोडून घ्यायचा, मग मंद आचेवर काचेसारखी झाक येईपर्यंत ढवळायचं. बुकबाइंडर त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विष आहे, मुलं हाताळणार असतील तर घालू नका. दोन दिवसांत संपेल एवढीच करा. चकचकीत पत्रिकेवर खळ धरत नाही, तिथे आधी पॉलिश पेपर फिरवायचा. चिकटवल्यावर वर पाट आणि पाटावर गव्हाचा डबा, रात्रभर. नाहीतर पापडासारखा वाकतो.

हे सगळं मी आठवीत शिकले, कार्यानुभवाच्या तासाला. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातातल्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली, पुढे कोठारी आयोगानं (१९६४-६६) शाळेत कार्यानुभव असावा अशी शिफारस केली आणि आपल्या वेळापत्रकात तो तास आला. कागदावर सगळं उत्तम होतं. वर्गात काय व्हायचं ते वेगळं.

मी आपल्या शाळेत पाचवीत आले. त्याआधी ज्या शाळेत होते, तिथे हस्तकलेच्या आदल्या दिवशी फळ्यावर यादी यायची. घोटीव कागद, टिंटेड पेपर, चमकी, फेव्हिकॉल. ज्याच्याकडे साहित्य नाही त्यानं तासभर वर्गाबाहेर उभं राहायचं. माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यादी आली की मी बाहेर. माझ्यासोबत ठरलेली चार-पाच मुलं असायची, तीच ती. आम्ही सगळे 'विसरलो' म्हणायचो. 'नाही' म्हणण्यापेक्षा ते सोपं. आठ-नऊ वर्षांच्या पोराला एवढा हिशेब बरोबर कळतो.

आपल्या बाईंच्या वर्गात फळ्यावर यादी नव्हती. कोपऱ्यात एक खोकं होतं. खोकं म्हटल्यावर हसू नका, हे राजकारणातलं नाही. चहापत्तीचं प्लायवूडचं खोकं, कडांना पत्र्याची पट्टी असलेलं. नियम दोनच. शनिवारी जाताना ज्याला जे सापडेल ते त्यात टाकायचं, विकत आणलेलं काही टाकायचं नाही. आणि कोणी काय टाकलं हे बाई कधी विचारायच्या नाहीत, आपणही विचारायचं नाही. मंगळवारी तासाला खोकं मधोमध उलटं व्हायचं आणि ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं.

त्या खोक्यात अख्खं कोल्हापूर असायचं. गुजरीतल्या सोनाराकडचा गुलाबी पातळ कागद. लक्ष्मीपुरीतल्या प्रेसमध्ये कटिंगखाली पडलेल्या रंगीत पट्ट्या. चप्पल करणाऱ्यांच्या घरातले चामड्याचे तुकडे. शिंप्याकडच्या चिंध्या. मामाकडे राहून शिकणारा एक इचलकरंजीचा होता, त्याच्यामुळे सुताचे गुंते आणि पुठ्ठ्याचे कोन यायचे. सिनेमाची जुनी पोस्टरं यायची, त्यांची पाठ कोरी. बोर्डिंगातल्या मुलांचं घर लांब, त्यांनी काय आणायचं? ती स्टँडवर पडलेली एस.टी.ची तिकिटं वेचून आणायची. वेगवेगळ्या रंगांची, पंचानं भोकं पाडलेली. त्या तिकिटांची जी फुलं व्हायची ती घोटीव कागदाची कधी झाली नाहीत. संक्रांतीच्या सुमाराला उसाचे तुरे यायचे आणि वर्गभर उडायचे.

आणि माझ्या वडिलांनी आणलेले जुने अमोनिया प्रिंट. कारखान्यात रद्द झालेली ड्रॉइंग्ज, चादरीएवढी मोठी, वासानं डोळ्यांत पाणी यायचं, पण पाठ कोरी. मोठं काही करायचं असलं की पोरं त्याच्यावर तुटून पडायची. आधीच्या शाळेत मी बाहेर उभी असायचे, आणि इथे वर्गातला सगळ्यात मागणी असलेला कागद आमच्या घरचा होता. हे फक्त मला माहीत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

'विकत आणलेलं नको' हा नियम काटकसरीसाठी असावा असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, बाईंना त्यातून दुसरंच साधायचं होतं. दुकानातून आणलेल्या वस्तूवर घरची ऐपत लिहिलेली असते. खोक्यातल्या वस्तूवर ती पुसली जाते. शिवाय यादीतलं साहित्य आणलं की चाळीस मुलं चाळीस एकसारखी कार्डं करतात, कारण काय करायचं ते यादीतच ठरलेलं असतं. तिकीट हातात आलं तर आधी विचार करावा लागतो की याचं होईल काय.

आपल्या गावाला हे नवीन नाही म्हणा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी इथेच, कोल्हापुरात, स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव मध्येच गेले, बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. आपण दहावी झालो त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८५ ला, लीलाताई पाटील यांनी इथेच सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, मुलांनी स्वतः करून शिकावं म्हणून. आणि एक लांबची गोष्ट. युनिसेफची भेटकार्डं आपल्यापैकी अनेकांनी विकत घेतली असतील. त्यातलं पहिलं कार्ड १९४९ चं. महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्याला मदत मिळाली, तिथल्या सात वर्षांच्या मुलीनं आभाराचं चित्र काढलं, त्याचं ते कार्ड. कागद मिळेना म्हणून तिनं ते काचेवर रंगवलं होतं.

दिवाळीत आपण जी कार्डं करायचो, ती बाई पाकीट न चिकटवता, झाकण आत खोचून 'बुक पोस्ट' लिहून पाठवायला लावायच्या. तिकीट कमी लागायचं. पुढे दुकानांतून तयार इंग्रजी कार्डं आली, त्यानंतर मोबाइल आला. आता दिवाळीच्या सकाळी तोच दिवा मला सव्वाशे लोकांकडून येतो. त्याला माझी हरकत नाही, मीही पाठवते. पण कार्ड करताना वीस मिनिटं एकाच माणसाचा विचार करावा लागतो. त्याला काय आवडेल, त्याच्या हातात हे गेल्यावर काय होईल? फॉरवर्ड करताना तो करावा लागत नाही, एवढाच फरक.

हे मला नीट कळलं ते गेल्या वर्षी. बाई आज इथे बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगते. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. गुरुपौर्णिमेला जायचं होतं आणि मला कळेना की ज्यांनी कार्ड करायला शिकवलं त्यांना आता कसलं कार्ड द्यायचं. रंगाचा उपयोग नाही, अक्षराचा नाही. मग घरात काय आहे ते डोळे मिटून, बोटांनी शोधलं. सुतळी, नालीदार पुठ्ठा, पॉलिश पेपर, पत्रिकेचे जाड तुकडे, चिंचोके. रंकाळा केला. सुतळीचा काठ, नालीदार पुठ्ठ्याचं पाणी, पॉलिश पेपरची वाट, आणि मधे पत्रिकेचे तुकडे एकावर एक चिकटवून संध्यामठ.

बाईंनी कार्ड मांडीवर घेतलं. बोट सुतळीवरून हळूहळू फिरलं, पाण्यावर आलं, मठापाशी थांबलं. खांबांवरून वर-खाली फिरलं. मग म्हणाल्या, "खांब सगळे लागतायत गं बोटाला. पाणी उतरलंय. उन्हाळ्यातला रंकाळा केलास होय?"

आपल्याला माहीतच आहे, तलाव भरला की संध्यामठ बुडतो आणि पाणी उतरलं की दिसतो. त्यांनी ते बोटानं वाचलं. मग विचारलं, "पॉलिश पेपर कितवा नंबर?" तो मात्र मला सांगता आला नाही, कारण तो माझ्या वडिलांच्या जुन्या डब्यातला होता आणि मागचा छाप पुसला होता.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या वहिनींची मुलगी सहावीत आहे. शाळेचं नाव सांगत नाही. मागच्या पावसाळ्यात रात्री नऊला वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला, उद्या क्विलिंगच्या पट्ट्या, चमकीची फोम शीट आणि ग्लू गन आणा. महाद्वार रोडवरची दुकानं मिटलेली, आणि उघडी असती तरी एवढा खर्च त्या दिवशी नव्हता. सकाळी पोरगी म्हणाली, पोटात दुखतंय. मला ते दुखणं ओळखीचं होतं. तिला घेऊन बसले, जुन्या मासिकाच्या पानांच्या पट्ट्या कापल्या, खराट्याच्या काडीवर गुंडाळल्या, टोकाला शिळ्या भाताचं शीत. तासाभरात मोर झाला. मार्क किती मिळाले ते मी विचारलं नाही. पोट दुखायचं थांबलं.

आपल्या बॅचनं शाळेला डिजिटल फळा दिला, चांगलं केलं. आता एक खोकंही देऊ. मी मुख्याध्यापकांशी बोलले, चित्रकलेच्या खोलीत जागा मिळाली आहे. प्लायवूडचं खोकं आपल्यातल्या एकानं फुकट करून दिलंय, ते या हॉलच्या दाराशी ठेवलंय. खोकं ठेवायला कोणीही ठेवेल, ते भरत राहिलं पाहिजे. आणि दर शनिवारी दोघांनी जाऊन निवडलं पाहिजे, नाहीतर महिन्याभरात त्याची कचराकुंडी होते. गावात राहणाऱ्यांपैकी आठ जणांनी नावं दिली आहेत, अजून चार हवीत.

काय आणायचं? पाठकोरे कागद, पत्रिका, कॅलेंडरची पानं, मिठाईचे पुठ्ठे, चिंध्या, बटणं, सुतळी, लोकर. पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या मंडळींनी मुद्दाम काही पाठवू नका, येताना पिशवीत आणा. काय नको? प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद, त्याला खळ धरत नाही. दुकानातल्या बिलांचा गुळगुळीत कागद, त्यावरची शाई उडते आणि गरम झाला की काळा पडतो. ब्लेड, टाचण्या, पिना नकोत. आणि नवीन पाकीट फोडून आणलेलं काही नको, बाईंचा नियम तोच आहे.

खोकं बाहेर जाताना डाव्या हाताला आहे. सकाळच्या नाश्त्याचे बॉक्स कोरडे असतील तर त्यातच टाका. तेलकट असतील तर टाकू नका, मुंग्या होतात.